शेषनागच्या तळावरची रात्र

१० जुलै २०१७ रोजी, उत्तरेकडच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, अमरनाथच्या यात्रेत चंदनवाडीहून निघून पिस्सू टॉपचा खडा चढ पायी चढत आम्ही संध्याकाळी शेषनागच्या तळावर पोहोचलो. अनंतनागमध्ये यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाल्याचे रात्री तंबूच्या काश्मिरी मालकाने हलक्या आवाजात सांगितले. बस गुजरातची होती; पण तिच्यात डहाणूचीही माणसे आहेत असे कळले, तेव्हा माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. मी बोईसरची आहे आणि आमच्याकडून डहाणू रोड हे दुसरेच स्टेशन.

मालकाने स्वतःचा फोन पुढे केला. मुलगा एवढेच विचारत राहिला, "आई, तू त्या बसमध्ये नव्हतीस ना?" फोनचे पैसे मालकाने घेतले नाहीत. "माँजी, आज नको," असे तो हिंदीत म्हणाला आणि कंदील ठेवून बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी यात्रा थांबली नाही. महागुणसची खिंड चढताना एरवी दर वळणावर उठणारा 'बम बम भोले'चा गजर त्या सकाळी उठला नाही. घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आणि आमच्या धापांचा आवाज तेवढा येत होता. पंचतरणीच्या लंगरात बाकीची हकीकत समजली. दर्शन करून परतणाऱ्या त्या बसचे टायर पंक्चर झाल्याने तिला उशीर झाला होता, रात्री आठनंतर महामार्गावर तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चालक सलीम शेख यांनी अंधारात, गोळ्या सुरू असतानाही, सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत बस थांबवली नाही. त्यांनी ती थांबवली असती, तर किती घरे उजाड झाली असती, हा विचार मला अजूनही सोडत नाही. मृतांची संख्या पुढे आठवर गेली आणि त्यांत डहाणूच्या दोन महिला होत्या. मी गुहेत हात जोडले, ते त्या दोघींसाठी.

बालटालमार्गे उतरून जम्मूकडे परतताना आमचा ताफा अनंतनागजवळच्या त्याच रस्त्याने गेला. खिडक्यांचे पडदे ओढायला सांगितले होते, तरी फटीतून थोड्याथोड्या अंतरावर उभे असलेले जवान दिसत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी कुठे घडले ते विचारले; पण आमच्या चालकाने मान वळवली नाही आणि वेगही कमी केला नाही.