पहिल्या गिअरचे गचके आणि जॉब कार्डवरचं 'ओके'

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर गिऱ्हाइकाच्या तक्रारीसाठी इंचभर रकाना असतो. तुम्ही काउंटरवर पाच मिनिटं बोला, समोरचा मुलगा त्यात 'जर्किंग' एवढंच लिहितो आणि कार्ड आत पाठवतो. आतला मेकॅनिक ते वाचतो आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडतो. गचके कधी बसतात, कोणत्या गिअरमध्ये, रेस देताना की सोडताना, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारायला बाहेर येत नाही. माझ्या गाडीच्या दुखण्याची निम्मी गोष्ट एवढीच आहे.

गाडी म्हणजे मोटरसायकल, शंभर सीसीची, चार गिअरची, बीएस-४ काळातली (धुराच्या जुन्या नियमांतली), म्हणजे कार्बोरेटरवाली. चेन पूर्ण बंद कव्हरात. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू सरकताना ती गचके द्यायची. तिसरा पडला की शहाणी. आता पुण्यातला धायरी फाटा ते राजाराम पूल हा गर्दीचा पट्टा ज्याचा रोजचा रस्ता आहे, त्याला विचारा तिसरा गिअर किती वेळा पडतो ते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मनगट आणि कंबर दोन्ही बोलायला लागायचे.

सर्व्हिस सेंटरमध्ये टेस्ट राइड झाली. मुलगा गाडीवर बसला, गल्लीच्या टोकापर्यंत तिसऱ्यात भुर्रकन गेला आणि आला. "मॅडम, गाडी एकदम ओके आहे." मी म्हटलं, अहो, पहिल्यात चालवून बघा ना. तर म्हणे, "पहिल्यात कोण चालवतं? पहिला फक्त गाडी उचलायला." त्याला मागे बसवून दाखवते म्हटलं, तर त्याला दुसऱ्या गाड्या होत्या. मग त्याच्या वरचे साहेब आले आणि त्यांनी अत्यंत समजुतीच्या सुरात मला क्लच हळू कसा सोडावा हे शिकवलं. मी कॉलेजपासून गिअरची गाडी चालवते. तेव्हा हे साहेब बहुधा सायकलच्या पुढच्या दांडीवर बसत असतील.

दर खेपेला बिलावर काहीतरी असायचंच: कार्ब क्लीनिंग, एअर फिल्टर, नवा प्लग, ट्यूनिंग आणि शेवटी 'चेन अ‍ॅडजस्ट'. एकदा गाडी हातात आली तर गचके खरंच कमी वाटले. दोन दिवस मी खूश. मग लक्षात आलं की सिग्नलला उभी असताना गाडी उगाच गुरगुरते आहे. यांनी आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा, स्क्रू पिळून ठेवला होता. या गाड्यांचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असावं लागतं. ते वाढवलं की इंजिन कमी वेगातही जरा जोरात फिरतं, गचका झाकला जातो, वर पेट्रोल जास्त जातं. दुखणं तिथंच. आयडलिंग मी परत उतरवायला लावलं, तर कार्डवर त्याचीही वेगळी नोंद आणि मजुरी.

शेवटचा कहर म्हणजे क्लच प्लेट. "क्लच प्लेटा गेल्यात, पूर्ण सेट टाकावा लागेल," आणि हातात हजारोंचं एस्टिमेट. इथे मी ठाम नाही म्हटलं, आणि ते का, हे नीट सांगते, कारण हे एस्टिमेट तुमच्याही हातात येईल. क्लच घसरत असेल तर चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. माझी गाडी कात्रजचा घाट चढताना असं कधी करत नव्हती. दुसरा प्रकार म्हणजे क्लच सोडतानाच गाडी थरथरते. पण तो त्रास लिव्हर सुटेपर्यंतचा. माझा गचका लिव्हर पूर्ण सुटलेली असताना, बोटं हँडलवर असताना बसायचा. क्लच पूर्ण जुळल्यावरही जे हलतं, त्याचा दोष क्लच प्लेटांवर कसा टाकणार? हे मी काउंटरवर मांडलं. "मॅडम, आम्ही रोज शंभर गाड्या बघतो," हे त्यावरचं उत्तर. मी गाडी घेऊन बाहेर पडले. न केलेल्या कामाची 'इन्स्पेक्शन'ची पावती मात्र फाडावी लागली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसले. आमच्याकडे चारचाकींसाठी अडीच-अडीच मीटरवर पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या आहेत. गाडी पहिल्यात घालून, रेस न देता त्या पट्ट्यांना आडवी चालवत नेली. गचका बसला. दोन पट्ट्या गेल्यावर पुन्हा बसला. पुन्हा दोन पट्ट्या, पुन्हा गचका. उलट दिशेनेही तेच. मग इंजिन बंद केलं, न्यूट्रलला आणली आणि नुसती ढकलत नेली. दर दोन पट्ट्यांनी हाताला जाणवेल अशी गाडी अडत होती, किंचित, पण प्रत्येक वेळी. इंजिन बंद, चावी खिशात. आता यात कार्बोरेटरचा, प्लगचा आणि क्लच प्लेटांचा काय संबंध राहिला?

अंतरच दोष सांगतं. मागच्या चाकाचा घेर १.८५ मीटरच्या आसपास. ब्रेकचा ड्रम वाकडा असेल किंवा ब्रेक लागत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे पावणेदोन-दोन मीटरला गाडी अडेल. चेनचं तसं नाही. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, चाळीसच्या वर दात आणि चेनला शंभरावर कड्या, त्यामुळे चेनची एकच जागा पुन्हा तिथे यायला चाकाचे अडीचएक फेरे लागतात. साडेचार-पाच मीटर. म्हणजे माझ्या दोन पट्ट्या!

गाडी डबल स्टँडला लावली. चेनकव्हरला खालच्या बाजूला काळं रबरी बूच असतं. ते काढलं की चेनचा वीतभर भाग दिसतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये चेन तपासतात ती तेवढीच, जिथे थांबली असेल तिथे. मी बुचातून स्क्रू ड्रायव्हरने चेन वर-खाली ढकलत चाक हळूहळू फिरवत गेले. माझ्या पुस्तिकेत चेनचा प्ले, म्हणजे वर-खाली हलण्याची मोकळीक, २० ते ३० मिलिमीटर सांगितलाय. एका जागी ती चांगली ४० च्या वर लोंबत होती आणि चेनचा अर्धा फेरा पुढे गेल्यावर जेमतेम १०, तारेसारखी ताठ. कव्हर पूर्ण उतरवलं तेव्हा त्या ताठ भागातल्या तीन-चार कड्या सांध्याला तांबेरलेल्या निघाल्या. बोटाने वाकवल्या तर वाकायच्या, पण सोडल्या की तशाच वाकड्या राहायच्या. वर यांनी काळं जळकं ऑइल चोपडून ठेवलेलं, त्यात बारीक वाळू. म्हणजे दर खेपेला बिलावर जे 'चेन अ‍ॅडजस्ट' होतं, ते लोंबत्या जागी केलेलं, आणि त्याने ताठ जागा आणखी ताठ होत गेली. पैसे घेऊन दुखणं वाढवणं म्हणतात ते हे.

मग खालच्याच गिअरमध्ये का? पहिल्या गिअरमध्ये इंजिनची ताकद सगळ्यात जास्त गुणाकार होऊन चाकाला मिळते. त्यामुळे चेनमधली मोकळीक ताणली गेली की तो ताणही तितकाच मोठा बसतो. शिवाय एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. १५०० आरपीएमला सेकंदाला बारा-तेरा ठोके. त्यामधल्या पोकळीत चेन सैल पडते आणि पुढच्या ठोक्याला परत ताणली जाते. चौथ्यात ४० च्या वेगाला हेच ठोके दुपटीहून जास्त असतात, जोर कमी असतो, आणि वजनदार चालती गाडी सगळं गिळून टाकते.

एक सांगायचं राहिलं. पेट्रोलचा दोष असता तर तो कसा दिसला असता? रेस अगदी थोडी, एकसारखी धरली असताना गाडी मध्येच दम सोडते आणि परत पकडते, अंतराचा काही हिशेब नसतो. कार्बोरेटरवाली असेल तर तसं होत असताना चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, अर्धा ओढून बघा. फरक पडला तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, स्लो जेट (कार्बोरेटरमधलं कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) साफ करायला द्या. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत हा चोक नसतो, तिथे आधी मीटरवरचा इंजिनचा दिवा बघायचा. अ‍ॅक्सिलरेटर केबलही तपासा. मूठ दोन-चार मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. जास्त मोकळी असेल तर खड्ड्यात हात हलला की गचका ठरलेलाच, आणि ते काम फुकटात होतं.

माझ्या गाडीत चेनच्या जोडीला आणखी एक भानगड निघाली. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवलं. चेन ताणली गेल्यावर स्प्रॉकेट थांबतं, त्याबरोबर चाकही थांबायला हवं. माझं चाक त्यानंतरही बोटभर फिरत होतं आणि आतून 'टक' असा आवाज. ते कपलिंग रबर. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, त्याचे चार तुकडे असतात, धक्का पिण्यासाठी. रेस सोडून परत दिली की बसणारा गचका त्यांचा होता.

नाना पेठेतून चेन-स्प्रॉकेटचं पूर्ण किट आणि रबरं आणली. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी तासाभरात बसवून दिलं. जुनी रबरं हबमधून काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. कडक, चपटी आणि कडेने काळी भुकटी सुटलेली. "ताई, हे रबर नाही राहिलं आता, डांबर आहे." तेच म्हणाले की बरेच जण नवीन रबराऐवजी जुन्या ट्यूबची पट्टी खोचून देतात, काही दिवस चालते, मग परत टक-टक. सगळं मिळून क्लचच्या एस्टिमेटच्या निम्म्याहूनही कमी झालं, हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

नुसती चेन बदलू नका. जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं तोंड, म्हणजे उघडी बाजू, चेन पळते त्याच्या उलट दिशेला असावी. चेन ओढली, म्हणजे घट्ट केली, की चाक मागे सरकतं आणि मागचा ब्रेक आपोआप कसला जातो, म्हणून ब्रेकचा नट परत जुळवा आणि चाक हाताने फिरवून बघा. चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ओढण्याच्या जागी असलेल्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनला तेल ९० नंबरचं (गिअर ऑइल) द्या, चेन पुसून, आणि आतल्या बाजूने.

नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी सैल पडतेच. तेव्हा ती कुणालाही ओढायला देताना शेजारी उभ्या राहा, चाक पूर्ण फिरवायला लावा आणि सगळ्यात ताठ जागेवर प्ले मोजायला सांगा. मोजपट्टी घरून न्या, त्यांच्याकडे नसते.