पाण्याच्या उलट्या दिशेने

शुक्रवार रात्र, रेवेल

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझमध्ये राहायचं आणि कॅनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने सायकल चालवायची नाही, असं चालत नाही. पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचंच. नेते मी, पण मला स्वतःला त्या कालव्यापेक्षा त्याला पाणी पुरवणारे पाट जास्त आवडतात. शहराकडून येणारी काठाची वाट पोर-लोरागेपर्यंत डांबरी आहे, गर्दीची आहे, आणि शेजारून सतत मोटरवेची घरघर. पुढे ओद जिल्हा लागला की डांबर संपतं आणि प्लेटेनच्या झाडांच्या मुळांनी वर उचललेली माती सुरू होते. तिथे ग्रॅव्हल बाइकचे ४० मिमीचे टायरसुद्धा हात बधिर होण्यापासून वाचवत नाहीत.

गुरुवारी असेन्शनची सुट्टी होती, शुक्रवार जोडून घेतला. सकाळच्या टीईआरने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, आव्हिन्योने-लोरागेला उतरले. गाव टेकडीवर, स्टेशन खाली. १२४२ साली याच गावात इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचे, दोन न्यायाधीश त्यांच्या माणसांसकट रात्री कापले गेले. मारेकरी मोंसेग्युरच्या किल्ल्यावरून आले होते, आणि त्याचा सूड म्हणून दुसऱ्या वर्षी त्या किल्ल्याला वेढा पडला. आज स्टेशनवर मी, एक आजोबा आणि त्यांची पिशवीतली कोंबडी.

नोरूझ जवळच आहे. सगळ्या कालव्याचं मर्म इथे. ही उंची १९० मीटरच्या आसपास, पण इथून एका बाजूचं पाणी अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राला. दोन समुद्र जोडायचे म्हणजे या माथ्यावर बारमाही पाणी हवं, नाहीतर दोन्हीकडच्या पाण्याची पातळी बदलणाऱ्या लॉकच्या दारांत होड्या अडकणार. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण माथ्यावर पाणी आणायचं कुठून, हे कोडं त्याने सोडवलं. १६६२ साली त्याने राजाचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहिलं, १६६६ मध्ये चौदाव्या लुईचं फर्मान निघालं. १६८० च्या ऑक्टोबरात रिके गेला, आणि पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. १८२७ साली त्याच्या वारसांनी उभारलेला स्तंभ इथे आहे. मी त्याला वळसा घालून थेट पाटाच्या वाटेला लागले.

रिगोल द ला प्लेन म्हणजे सपाटीवरचा पाट, अडतीसेक किलोमीटरचा. रुंदी एवढीच की धावत येऊन उडी मारली तर कदाचित पलीकडे पोचाल. काठाने बारीक खडीची वाट, मध्ये गवताची पट्टी. रेवेलकडे जाताना आपण पाण्याच्या उलट्या दिशेने, म्हणजे चढावर असतो, पण एवढ्या अंतरात चढ जेमतेम वीस-पंचवीस मीटर. तो डोळ्यांना दिसत नाही. मांड्यांना मात्र तासाभराने कळतो: गिअर एकाने हलका करावासा वाटतो आणि कारण सापडत नाही. पाट टेकड्यांना वळसे घालत समपातळीवर जातो, म्हणून वाट सारखी वळते. जे गाव समोर दिसतं ते पंधरा मिनिटांनी डावीकडे आणि अर्ध्या तासाने पाठीमागे. रस्ता माणसांसाठी केला असता तर कोणीही तो असा केला नसता. आणि म्हणूनच इथे कोणी नसतं.

दुपारी ओतां सुटला. हा आग्नेयेकडून येणारा वारा माणसाला वेडं करतो, असं लोरागेत, म्हणजे या भागात, सगळे सांगतात. टेकड्यांवर जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच्याच जोरावर. पण पाट खाचेत आहे आणि दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे वारा शेंड्यांत गरजत होता आणि खाली माझ्या बाहीचं टोकही हलत नव्हतं. एका जुन्या दगडी पुलाखाली थांबले तर पाण्यातून एक रागोंदँ वर आला. मांजराएवढा, उंदराच्या तोंडाचा, आणि समोरचे दात चक्क गाजरी रंगाचे. मुळात दक्षिण अमेरिकेतला प्राणी, केसाळ कातडीसाठी आणला आणि इथलाच झाला. काठ पोखरतो म्हणून शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निवांत गवत कुरतडायला घेतलं.

आजूबाजूला गहू, आणि वीतभर वाढलेली सूर्यफुलं. पंधराव्या-सोळाव्या शतकात याच मातीत पास्तेल लावायचे, निळ्या रंगाची वनस्पती. पानं दळून त्यांचे गोळे वाळवायचे आणि ते युरोपभर विकायचे. तुलूझमधल्या गुलाबी विटांच्या हवेल्या या पैशावर उठल्या. आसेझाची हवेली बघायला मी सगळ्या पाहुण्यांना नेते, तिचा मालक याच धंद्यातला. मग धर्मयुद्धं पेटली, पिकं बुडाली, आणि वरून आपली नीळ आली, गोव्याच्या बंदरातून पोर्तुगीजांच्या जहाजांत भरून. स्वस्त आणि जास्त पक्की. पास्तेलवाले त्यातून उठलेच नाहीत. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या नुकसानीबद्दल मला कोणी जाब विचारलेला नाही अजून.

शनिवार रात्र, सेसाक

रेवेलचा बाजार शनिवारी. मधोमध चौदाव्या शतकातलं लाकडी छप्पर, खाली जाडजूड खांब, वर घंटाघर. एका खांबाला सायकल टेकवली आणि चेरी घेतल्या. विकणाऱ्या बाईंनी वजन झाल्यावर मूठभर वर टाकल्या आणि माझ्या टायरकडे बघून विचारलं, "वरपर्यंत?" मी म्हटलं, "आल्झोपर्यंत." म्हणजे डोंगरावरचा पाट जिथे सुरू होतो तिथे. त्यांनी आणखी मूठभर टाकल्या.

आधी सँ-फेरेओलचं धरण. १६६७ ते १६७२ या काळात बांधलेलं, मातीचा भराव आणि आत दगडी भिंती, साठा साठ लाख घनमीटरच्या वर. डोक्यावरून टोपल्यांत माती वाहणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. रिके मजुरी महिन्यावर द्यायचा, आणि पावसाचा दिवस आणि आजारपणही त्यात धरायचा, असं इथे सांगतात. खरं असेल तर त्या काळात मालक लोकांनी त्याला वेड्यात काढलं असणार. आता तिथे पेडल बोट आणि आइस्क्रीम. थांबले नाही.

पुढचा चढ मात्र खरा. रेवेल सव्वादोनशे मीटरवर, ले कामाझ सहाशेच्या वर. डांबरी रस्त्यावर घामाने चष्मा घसरत होता. पण ले कामाझला पोचलं की डोंगरावरचा पाट भेटतो आणि चढ एकदम संपतो. १६८० च्या दशकात राजाचा इंजिनिअर व्होबां याने इथे १२२ मीटरचा बोगदा काढला. पाणी डोंगराच्या पोटातून जातं, मी वरून गेले. मग बीच आणि फरचं जंगल सुरू झालं. हवा पाच अंशांनी तरी उतरली असेल. वाट हातभर रुंद, गेल्या वर्षीची बीचची पानं तुडवत, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला सरळ उतार. टायरमधली हवा थोडी सोडली. ओल्या मुळांवर मागचं चाक सरकतं तेव्हा ब्रेकला हात लावायचा नाही, नजर पुढे ठेवायची, एवढंच.

आल्झोला पोचल्यावर बघण्यासारखं काय आहे? एक ओढा, एक बुटका बांध, रखवालदाराचं घर, आणि रिकेच्या नावाचा दगड. मी तिथे तासभर बसले. हा ओढा खरं म्हणजे भूमध्य समुद्राकडे जाणारा. बांधाशी त्याला वळवलं, डोंगराच्या कडेकडेने नेलं, खिंडीपलीकडे दुसऱ्या समुद्राच्या खोऱ्यात उतरवलं, आणि शेवटी नोरूझला दोन्हीकडे वाटून दिलं. काल मी ज्या पाटाच्या काठी रागोंदँ बघितला त्यात हेही पाणी असणार. रेवेलच्या पाण्याची व्यवस्था बघणारा पिएर कांपमा रिकेच्या सोबत होता, या रानातले ओढे त्याला पाठ. नकाशांवर त्याचं नाव क्वचित दिसतं. माझ्या मते या कालव्यात धरणापेक्षाही मोठं काम हे पातळी धरण्याचं आहे, आणि ते सायकलवरून जसं कळतं तसं मोटारीतून कळत नाही. पायाने चालतानाही नाही. चालणाऱ्याला दोन मीटरचा चढ-उतार काहीच वाटत नाही.

रविवार, परतीच्या गाडीत

सेसाकच्या पडक्या किल्ल्यावरून सकाळी पिरेनीज दिसले, अजून बर्फ होतं. तिथून खाली मोंतोल्यू, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. सामानात जागा नव्हती म्हणून खरेदीपासून वाचले.

ब्रॅमजवळ पुन्हा कालवा लागला. इथे प्लेटेन नाहीत, नुसते बुंधे. २००६ साली या झाडांवर बुरशीचा रोग सापडला. मुळं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे एकाचा शेजाऱ्याला लागतो, आणि होड्यांमुळे दूरवर पोचतो. तोडून जाळायचं, एवढाच उपाय. कालव्यावर ४२,००० च्या आसपास प्लेटेन होते, त्यातले हजारो गेले. आता वेगवेगळ्या जातींची रोपं लावली आहेत, बांबूला बांधलेली. सावली द्यायला त्यांना बराच वेळ लागेल. उन्हात तो तुकडा अगदी नको झाला.

गाडीची वाट बघत असताना बाबांचा फोन आला, तासगावहून. फोटो पोचले होते. "अगं, पाट चांगला राखलाय," ते म्हणाले. मग विचारलं, "पाणी शेतीला देतात का नुसत्या होड्याच?" मी सांगितलं, मालाच्या होड्या कधीच बंद झाल्या, आता शेतीलाही देतात. "मग पाळी कोण ठरवतं? भांडणं होत असतील." मी म्हटलं, ते विचारलं नाही. "ते आधी विचारायचं असतं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.