काचा धुण्याचा पंप आणि पाण्याचा ओघ: गोव्यातला माझा अनुभव

टाकीतलं शुद्ध केलेलं पाणी पंपाने वर चढवून लांब पोलने काचा धुताना ब्रशमधून पाणी कमी यायला लागलं की पहिला संशय पंपावर जातो. बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो. म्हणून मी तपास उलट्या टोकाने करतो: आधी ब्रशची नोझल, मग पोलमधली नळी, मग रीळ, गाळणी, वायर आणि बॅटरी. पंपाचे स्क्रू अगदी शेवटी.

या कामाला १२ व्होल्टचा डायफ्रॅम (आतल्या रबरी पडद्यावर चालणारा) पंप लागतो, मिनिटाला साधारण ५ लिटर आणि १०० पीएसआयपर्यंत दाब देणारा. शेतीच्या फवारणीचं सामान विकणाऱ्या दुकानात याच जातीचे पंप मिळतात आणि ते चालतात. घरच्या आरओतला बूस्टर पंप मात्र चालत नाही. १०० जीपीडी (दिवसाला १०० गॅलन) म्हणजे दिवसाला सुमारे ३७८ लिटर, मिनिटाला जेमतेम पाव लिटर. तेवढ्यात ब्रश भिजेल, काच धुतली जाणार नाही.

पंप ५ लिटरचा असला तरी ५ लिटर वापरायचं नसतं. एका माणसाला मिनिटाला दीड ते दोन लिटर पुरतात. मोजायला बादली आणि घड्याळ पुरे: दोन्ही नोझलचं पाणी ३० सेकंद बादलीत घ्यायचं, एक लिटर भरलं तर ओघ २ लिटरचा. या हिशेबाने ५०० लिटरची टाकी सलग चार तास चालते, आणि पोल हलवताना पाणी बंद ठेवलं तर त्याहून बरीच जास्त. मे महिन्यात टँकरची वाट बघत काम करणाऱ्याला हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

जमिनीवर मोजलेला ओघ वरच्या मजल्यावर टिकत नाही, कारण दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार, म्हणजे १४ पीएसआय दाब खर्च होतो. पणजीत पाटोवरच्या ऑफिसांच्या इमारतींत चौथ्या मजल्याच्या काचेला सव्वा बार तिथेच गेला. पण खरा दाब खाते ती नळी. ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १०० मीटर नळीतून मिनिटाला २ लिटर सोडले तर साधारण चार बार नुसत्या घर्षणात जातात. तेवढंच पाणी ८ मिलिमीटरच्या नळीतून नेलं तर एक बारच्या आसपास. पंपाची सगळी ताकद १०० पीएसआय, म्हणजे सात बारांची, म्हणजे बारीक नळी आणि चौथा मजला एकत्र आले की नोझलला फारसं काही उरत नाही. पंप पूर्ण वेगाने धावतो, जास्त अँपिअर खेचतो, दुपारपर्यंत बॅटरी बसते आणि नाव पंपाचं खराब होतं. ८ मिलिमीटरची नळी ओढायला जड जाते, हे मान्य. तरी रिळावर माझं मत तिच्याच बाजूने. बारीक नळी फक्त पोलच्या आत.

नोझल बुजलं तर ते काढून उलट बाजूने धुवायचं. तार किंवा टाचणी घालू नये. भोक जरा जरी मोठं झालं तरी एका बाजूची धार जाड आणि दुसरीची लुळी पडते, मग काचेवर पट्टे राहतात.

कंट्रोलर (पंपाचा वेग कमी-जास्त करणारा डबा) बसवला असेल तर त्याला नळी बंद झाल्याचं पंपाच्या वाढलेल्या करंटवरून कळतं. म्हणून नळी, नोझल किंवा पंप यांतलं काहीही बदललं की कॅलिब्रेशन, म्हणजे किती करंटला पंप थांबवायचा ही मर्यादा जुळवणं, नव्याने करावंच लागतं. ते करताना नळी रिळावरून उलगडलेली, ब्रश कामाच्या उंचीवर आणि पाणी नेहमीच्या ओघात चालू असावं. जमिनीवर करून ठेवलं तर पोल वर नेताच कंट्रोलर नळी बंद समजतो आणि पंप थांबवतो. मर्यादा फार सैल ठेवली तर उलटं होतं: पाण्याची चावी बंद केली तरी पंप रेटत राहतो आणि सगळ्यांत कच्चा जोड सुटतो. उन्हात तापलेली पीव्हीसी नळी मऊ पडते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हे जोड लवकर निसटतात. रीळ सावलीत ठेवावं.

पंपावर स्वतःचा प्रेशर स्विचही असतो. त्याने कंट्रोलरच्या आधीच वीज तोडली तर पंप टक-टक करत चालू-बंद होत राहतो. त्याचा स्क्रू एका वेळी पाव फेराच आवळावा आणि पुन्हा तपासावं.

पंपाचा आवाज मोठा पण पाणी नाही, असं झालं की हवा अडकली आहे. टाकी रिकामी झाल्यावर हे हमखास होतं. नळीचं टोक ब्रशपासून सोडवून खाली जमिनीवर टाकायचं, वेग पूर्ण करायचा, धार अखंड झाली की पुन्हा जोडायचं. टाकी भरलेली असूनही बुडबुडे येत राहिले तर ओढणाऱ्या बाजूची क्लिप ढिली आहे. या बाजूच्या फटीतून पाणी गळत नाही, हवा आत जाते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. ओढणारी नळी निदान अर्ध्या इंचाची, आखूड, बिनवळणाची असावी आणि पंप टाकीच्या पातळीखाली बसवावा. पंपाआधीची जाळीची गाळणी दर आठवड्याला उघडून धुवायची. शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, त्यामुळे पारदर्शक टाकीत हिरवं शेवाळ लवकर धरतं आणि तेच गाळणीत येऊन बसतं. टाकी काळी घ्यावी.

आता विजेचं. कांदोळी, मिरामार, दोनापावल अशा किनाऱ्यावरच्या कामात खारी हवा तांब्याला लवकर हिरवा गंज चढवते. पंप चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग पंपाच्या वायरींवर व्होल्ट बघावेत. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर पंप नाही, जोड बदलायचे आहेत. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावावी. क्लिपा स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, आणि पंपाच्या लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. लेड-अॅसिड बॅटरी शांत असताना १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा पूर्ण भरलेली, १२.२ ला साधारण अर्धी. त्याखाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. काच न पुसता वाळवायची तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) आत हवा. बार्देशला अस्नोड्याचं, तिसवाडी-फोंड्याला ओपाचं आणि दक्षिणेला साळावलीचं पाणी येतं. नदीचं पाणी असल्याने रेझिनला (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांना) ते सोपं जातं. किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारेपणा उतरतो, आणि टँकर कुठून भरला ते टँकरवालाच जाणे, म्हणून प्रत्येक टाकी भरताना मीटर बुडवायचा. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस दुप्पट झाला की रेझिन निम्म्या पाण्यातच संपते. खाऱ्या पाण्याला आधी आरओ हवाच.

ओघ मुद्दाम वाढवायचा प्रसंग एकच: समुद्राकडच्या काचेवर मीठ आणि जांभ्याची लाल धूळ एकत्र बसलेली असते तेव्हा. आधी चौकटीचा वरचा काठ धुवायचा, नाहीतर तिथून नंतर थेंब ओघळतात. मग भरपूर पाण्याने धूळ खाली आणायची आणि त्यानंतरच ब्रश घासायचा. कोरड्या लाल कणांवर ब्रश फिरवला तर काचेवर चरे पडतात. फोंतेन्याशसारख्या जुन्या वस्तीत शिंपल्यांची तावदानं असतील तर हा पोल गाडीतून काढूच नये. ती हाताने, कोरड्या मऊ कुंचल्याने झाडायची असतात. विजेच्या उघड्या तारा जवळ असतील तिथेही नाही. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज वाहते.

एवढं सगळं बघूनही ओघ कमी असेल तर पंप उघडायचा. आत बहुधा झडपेखाली रेझिनचा एखादा मणी किंवा टाकीतला प्लास्टिकचा कीस अडकलेला असतो. तो काढून झडप धुतली की काम होतं. पडदा फाटला असेल तर पंपाच्या खालून पाणी ठिबकतं, मग पडदा आणि झडपांचा संच बदलावा. डोक्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर प्लास्टिक वाकडं बसतं आणि तिथून हवा शिरते. जूनमध्ये काम थांबलं की टाकी आणि नळ्या रिकाम्या करून पंप दोन मिनिटं चालवून सुकवावा, आणि बॅटरी भरून महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी. गाडीतल्या डब्यात दोन नोझल, चार क्लिपा, फ्यूज, टेफ्लॉन टेप आणि झडपांचा एक संच असला की पावसानंतरच्या पहिल्या कामाला म्हापशाच्या दुकानापर्यंत धावावं लागत नाही.