सात मिनिटांचा पेद्रो

दुपारी कपड्यांना इस्त्री करताना मोबाईलवर काहीबाही लावून ठेवायची माझी सवय. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं, ते त्यानंच ठरवावं. परवा असाच पनामाचा साल्सा गायक रुबेन ब्लादेस लागला. 'पेद्रो नावाखा'. आधी नुसते काँगा, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, त्यावर बोलल्यासारखा आवाज, मग एकेक वाद्य येऊन बसतं आणि शेवटी ट्रॉम्बोन अंगावर येतात. स्पॅनिश मला येत नाही. पण गोष्ट पाठ आहे, त्यामुळे कोण कधी मरतं ते कळतं.

तिरपी हॅट, काळा चष्मा, सोन्याचा दात, हात कोटाच्या खिशात. असा पेद्रो कोपऱ्यावर उभा. समोर एक बाई गिऱ्हाइकाच्या शोधात त्याच फुटपाथवरून पाचव्यांदा चाललेली. तो तिला सुऱ्यानं भोसकतो, ती हातातलं रिव्हॉल्व्हर झाडते. दोघंही खलास. मग एक दारुडा येतो, सुरा, रिव्हॉल्व्हर आणि पैसे उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. एवढा आवाज झाला तरी बघायला कुणीही बाहेर येत नाही.

गाण्यात गोष्ट असली की ती मला पुरती लागते. हा हट्ट लहानपणचा. आजीबरोबर मारुतीच्या देवळात कीर्तनाला जायचे. हिरण्यकश्यपू खांबाला लाथ मारणार, एवढ्यात बुवा चिपळ्या उचलून अभंग धरायचे! मागचे टाळकरी झेलायचे, माणसं डोलायची आणि नरसिंह बिचारा खांबात अडकून पडायचा. आजीचा पदर ओढून मी विचारायचे, "मग काय झालं?" ती म्हणायची, "गप, बुवा सांगतील." बुवा सांगेपर्यंत मला झोप लागलेली असायची. बरेच दिवस माझ्या लेखी हिरण्यकश्यपू जिवंतच होता.

ब्लादेस तसं करत नाही. आधी मुडदे पाडतो, मगच कोरसला सोडतो. सात मिनिटांहून मोठं गाणं, नाचायचं, आणि त्यात खून, पोलीस, उलटलेला डाव सगळं बसवलेलं. १९७८च्या 'सिएम्ब्रा' या रेकॉर्डमध्ये ते आलं, ट्रॉम्बोनवाल्या विली कोलोनच्या साथीत, आणि रेकॉर्डचा खप विक्रमी झाला.

मजा म्हणजे हा पेद्रो निघाला जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तल्या सुरीवाल्या मॅकवरून. आणि त्याच १९७८मध्ये आपल्याकडे पुलंनी ब्रेख्तचं तेच नाटक 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून उभं केलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, अंकुशच्या, म्हणजे आपल्या मॅकच्या, भूमिकेत नंदू भेंडे. म्हणजे अंकुश आणि पेद्रो सख्खे चुलतभाऊ, दोघांनाही पत्ता नाही. मूळ मॅकला ऐन फाशीच्या वेळी माफी मिळते. ब्लादेसनं पेद्रोला मारलं खरं, पण १९८५ साली दुसरं गाणं करून परत जिवंत केलं. नरसिंहाच्या बाबतीत आमचे बुवा एवढे उदार नव्हते.

स्वतः ब्लादेसची गोष्टही सरळ नाही. पनामा सिटीतला १९४८चा जन्म, आई क्यूबाची, गाणारी आणि पियानो वाजवणारी, वडील पोलिसात आणि तालवाद्यंही वाजवायचे. हा वकील झाला. देशात तेव्हा लष्कराचं राज्य, तिथं वकिली ती काय करणार? १९७४ साली न्यूयॉर्कला गेला आणि फानिया या रेकॉर्ड कंपनीत टपाल वाटायच्या खात्यात लागला. कायद्याची पदवी खिशात, हातात पाकिटं. ज्यांच्या रेकॉर्डी त्या इमारतीतून निघायच्या, त्यातल्याच एक्तोर लावो या गायकाला त्यानं पुढं 'एल कांतांते' लिहून दिलं. गायकाला गाणं सगळेच मागतात, त्याला काय दुखतंय ते कुणी विचारत नाही, असं ते गाणं. लोक ते लावोचंच समजतात. लावो १९९३ला गेला. असं गाणं लिहून दुसऱ्याला देऊन टाकायचं, हे मला जमलं नसतं.

मध्येच हार्वर्डला जाऊन त्यानं कायद्याची वरची पदवीही घेतली. १९९४ला पनामाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला, तर तिसरा आला, सुमारे १७ टक्के मतं. ज्याच्या गाण्यावर लोक नाचतात त्यालाच मत देतील असं थोडंच असतं. पुढं २००४ ते २००९ पर्यटनमंत्री होता. मंत्री म्हणून पाहुण्यांना 'या, या' म्हणायचं आणि जगभर गाजलेलं गाणं कोपऱ्यावर सुरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं! नशीब, ती गल्ली त्यानं न्यूयॉर्कची ठेवली होती.