आमची वाटचाल: कूलरच्या दुकानापासून जुन्या वाड्यांपर्यंत

नागपूरच्या महाल भागात बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. मार्च लागला की वाळ्याच्या ताट्या बदला, पंप साफ करा, मोटारी भरून द्या. इथल्या कोरड्या उन्हात कूलर आजही उत्तम चालतो. पण मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तो नुसती ओल फेकतो. त्या दिवसांत घरातली म्हातारी माणसं हैराण व्हायची. मग जुनी गिऱ्हाइकंच विचारू लागली, "आमच्या वाड्यात एसी बसेल का हो?"

सेंट्रल एसी अशा घरात बसत नाही. लाकडी पाटईखालून, म्हणजे फळ्यांच्या छताखालून, हवेचे डक्ट न्यायला जागाच नसते. म्हणून खोलीपुरता स्प्लिट, त्याला भिंतीत एकच भोक.

खरं काम त्या भोकाचंच. भिंत दोन फुटी, विटा मातीत नाहीतर चुन्यात बसवलेल्या. पाणी सोडून कोअर कटिंग केलं, म्हणजे मशीनने गोल भोक पाडलं, तर आतली माती वाहून जाते. आम्ही ते कोरडंच, धीराने पाडतो आणि बाहेरच्या अंगाला थोडा उतार देतो, म्हणजे एसीच्या ड्रेनचं पाणी भिंतीत मुरत नाही. पाइप गेल्यावर फट चुन्याने बुजवतो, सिमेंटने नाही. याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतं, ते आधीच सांगून टाकतो.

टनेज, म्हणजे एसी किती टनाचा घ्यायचा, याबाबतही आम्ही हट्टी आहोत. एसीची छापील क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. इथे 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, 45 चं कुणाला नवल वाटत नाही. एवढ्या उन्हात मशीनची ताकद घटते. म्हणून छत कवेलूचं की टिनाचं, पश्चिमेची भिंत किती तापते, हे पाहिल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. एसीचं बाहेरचं युनिट, म्हणजे आउटडोअर, बंदिस्त चौकात तर लावतच नाही. गरम हवा तिथेच कोंडते आणि मशीन तीच पुन्हा ओढतं.

थंडीचंही बघावं लागतं. डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 पर्यंत उतरला होता. हॉट अँड कोल्ड मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतं, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. कॉइलच्या हीटरला हे जमत नाही. आजी-आजोबांच्या खोलीसाठी आम्ही हेच सुचवतो.

पाहणीचे पैसे घेत नाही. फक्त दिवाळीनंतर बोलवा; एप्रिलमध्ये भिंतीला घाईने हात लावायची आमची तयारी नसते.