मंजिष्ठेचा लाल: अर्धं काम भिजवण्यात

शेजारच्या काकूंना गौरींखाली अंथरायला लाल कापड हवंय, म्हणून या खेपेला मंजिष्ठेत (लाल रंग देणारी मुळी) रंगवायला २०० ग्रॅम मांजरपाट काढलं. वजन कोरड्या कापडाचं, पुढची सगळी मापं त्यावरच.

आधी खळ आणि मेण घालवायचं. १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं, पाणी चहाच्या रंगाचं झालं. कापड वाळवून वर पाण्याचा थेंब सोडला. मधे लगेच जिरला, काठाजवळ मात्र क्षणभर गोल राहून मग पसरला. म्हणून पुन्हा उकळलं. आता कुठेही सोडा, टेकला की जिरतो. ही परीक्षा टाळू नका मंडळी, रंग डागाळतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हिरडा, तुरटी, मंजिष्ठा सगळं इथल्या, इंदूरच्या, सियागंज बाजारातून आणलं. रंग धरून ठेवायला तुरटी, पण सुती कापडावर ती एकटी नीट बसत नाही, आधी टॅनिन (हिरड्यातलं तुरट द्रव्य) लागतं. ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवली आणि कापड रात्रभर त्यात. भांडं स्टीलचंच, लोखंड लागलं की हिरड्यावर काळं उठतं. (धार जिल्ह्यातल्या बाग गावचे खत्री कारागीर कापडावर छापेकाम करताना काळा रंग लोखंडापासूनच काढतात!) घडी घालून बुडवू नका. घडीत हवा अडकते आणि तिथे फिकट पट्टा राहतो. सकाळी पिळून, न धुता रामबागेच्या गच्चीत सावलीला वाळवलं, मग ३० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात पुन्हा रात्रभर.

खरी गंमत पाण्याची. एक तुकडा नर्मदेच्या नळाच्या पाण्यात रंगवला, एक बोरिंगच्या. कुटलेली मंजिष्ठा कापडाच्या निम्म्या वजनाची, आदल्या रात्री भिजवलेली. आच ७० अंशांच्या आत, उकळी फुटली की तपकिरी उतरतो. नळाच्या पाण्यातला तुकडा नारिंगीकडे झुकला. बोरिंगचा चांगला भरदार लाल आला. गिझर खराब करतं म्हणून आपण बोरिंगच्या पाण्याला नावं ठेवतो, पण तुरटीच्या जोडीला त्यातलं कॅल्शियम मिळालं की मंजिष्ठा खुलते. काकूंचं कापड अर्थातच बोरिंगच्या पाण्यात.

पुढच्या खेपेला बागच्या खत्रींसारखी धायटीची फुलं घालून बघायची आहेत, रंग सगळीकडे सारखा चढावा म्हणून. सुकलेली फुलं कुणाकडे असतील तर मूठभर ठेवा माझ्यासाठी.