तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे सगळ्यात जास्त कशात वसूल होतात?

‘रोजच्या वापरातली कोणती खरेदी खरंच पैसे वसूल ठरते?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या नव्या यंत्राचं नाव ऐकायचं असतं. त्याला मिळणारं उत्तर जरा फिकं आहे: छताच्या पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे पंखा सुरू करणारा आणि त्याला वेग देणारा छोटा डबीसारखा भाग. किंमत साधारण ५० ते ८० रुपये. ते ऐकून हिरमोड होतो खरा, पण मराठवाड्यात घर चालवायचं म्हणजे तीन गोष्टींशी गाठ असते: ऊन, क्षाराचं पाणी आणि कमीजास्त होणारी लाईट. घरातल्या मोठ्या वस्तू या तिन्हींनी खराब होतात, आणि बहुतेक वेळा त्यांतला एखादाच स्वस्त भाग गेलेला असतो. तो भाग ओळखता आला की पाच हजारांचं काम शंभरात होतं. म्हणून पुढच्या यादीत बऱ्याचशा सुट्या भागांचीच नावं आहेत.

आधी पंखा. उन्हाळ्यात तो दिवसरात्र फिरतो, वर स्लॅब तापलेला असतो आणि पंख्याच्या दांड्यावरच्या वाटीत बसलेला कंडेन्सर उष्णतेनं हळूहळू क्षमता सोडतो. पंखा पाचवर ठेवूनही रेंगाळतो, तेव्हा लोक रेग्युलेटर बदलतात आणि फरक पडत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. संध्याकाळीच मंद होत असेल आणि पहाटे नीट फिरत असेल, तर दोष व्होल्टेजचा. चोवीस तास मंद असेल, किंवा नुसता घुमतोय आणि काठीनं पातं ढकललं की चालू होतोय, तर कंडेन्सर गेला. लाईट बंद करून पातं हातानं फिरवल्यावर खरखर लागली तर बेअरिंग. जळका वास आला तर कॉइल.

बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा. जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलवर घातलेलं असतं आणि पंख्यात करंट तसाच राहतो. वाटी सरकवा, वायरींचा मोबाईलवर फोटो काढा, मग कंडेन्सरच्या दोन वायरी सोडवा. त्याच्यात चार्ज उरलेला असू शकतो, म्हणून लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही टोकं एकमेकांना एकदा टेकवून घ्या. अंगावर छापलेला आकडा बघा. बहुतेक पंख्यांना अडीचचा (मायक्रोफॅरडचा) लागतो, काहींना सव्वादोनचा, काहींना ३.१५ चा. आहे तोच घ्यायचा. ‘चारचा टाका, भन्नाट फिरेल’ असं सांगणारे भेटतात. फिरतोही, पण कॉइल तापते आणि एकदोन उन्हाळ्यांत जळते. कंडेन्सरच्या दोन वायरींना उलटसुलट नसतं; कुठलीही कुठेही चालते. तरीही पंखा उलटा फिरला तर कॉइलच्या वायरी अदलाबदल झाल्यात, फोटो बघून लावा.

कॉइलच जळली असेल तर मात्र रिवायंडिंगवर चार-पाचशे घालवू नका. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा, कमी वीज खाणारा) ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक, रोज १५ तास, वर्षातले ८ महिने धरले तर १६२ युनिट होतात. ८ रुपयांनी धरलं तरी १,२९६ रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक एवढ्यातच निघतो. शिवाय इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो आणि व्होल्टेज पडलं तरी बहुतेक बीएलडीसी पंख्यांचा वेग टिकतो. दोष एवढाच की आतला सर्किट बोर्ड विजेच्या कडकडाटात जाऊ शकतो, म्हणून वादळ सुरू झालं की बटण बंद करावं. आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा. त्याच्यामधून बीएलडीसी चालवला की तो गुरगुरतो.

आता पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. ज्या भागानं ते बघितलं, तिथेही नळ ठिबकत असतो आणि ‘बघू पुढच्या आठवड्यात’ चालू असतं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब. साधारण २० थेंबांचं एक मिलीलिटर होतं, म्हणजे रोज सव्वाचार लिटर आणि महिन्याला सव्वाशेच्या पुढे. पिरगाळायच्या जुन्या नळात हा दोष पाच-दहा रुपयांच्या वायसरचा असतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, नळाचं डोकं पान्यानं डावीकडे फिरवून काढा, वायसर बदला. एवढ्यावर थांबू नका. वायसर जिथे टेकतो ती आतली पितळी कड बोटानं चाचपून बघा. तिथे ओरखडा असेल तर नवा वायसर महिनाभरात कापला जातो आणि दुकानदाराला उगाच शिव्या बसतात. ठिबक थांबावी म्हणून नळ जोर लावून आवळण्यानंही वायसर कापलाच जातो.

टेफलॉन टेप २० रुपयांची, पण गुंडाळणारे बरेचजण उलटी गुंडाळतात. आट्याचं तोंड तुमच्याकडे करा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताण देत, आठ-दहा वेढे घाला. उलटी गुंडाळली की नळ आवळताना टेप सुटून गोळा होते. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये जादा वेढे घालून जोर लावला तर सॉकेट तडकतं, आणि ती तड भिंतीच्या आत असते.

नळाचं पाणी रात्री-अपरात्री येणाऱ्या घरात हौदाला फ्लोट, म्हणजे हौद भरला की पाणी बंद करणारा बॉलवाला व्हॉल्व्ह, बसवणं ही दोन-तीनशे रुपयांतली झोपेची सोय आहे. फक्त एक चूक टाळा: मोटारीनं भरायच्या वरच्या टाकीला हा बॉलवाला व्हॉल्व्ह लावू नका. टाकी भरली की तो तोंड बंद करतो, मोटार मात्र बंद पाईपवर रेटत राहते. तापते, नाहीतर पाईपचा जोड उखडते. वरच्या टाकीला वायरवाला फ्लोट स्विच लागतो, जो मोटारच बंद करतो.

बोअरच्या क्षाराच्या पाण्यावरचा उतारा म्हणजे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात किंवा केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. शॉवरची भोकं बुजली असतील तर हे पाणी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन शॉवरला रबरानं बांधून तासभर ठेवा. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि रॉड आतून जळतो. प्लग काढून, प्लास्टिकच्या बादलीत, तोच इलाज. सुरीनं थर खरवडू नका, खालचा मुलामा जातो. हे पाणी शहाबादी फरशीवर किंवा ओट्याच्या कडप्प्यावर सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचेच दगड; आम्ल पडलं की तिथली चकाकी जाते आणि पांढरट डाग कायमचा राहतो. ब्लिचिंग पावडरमध्येही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

कूलरबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. हवा गार येत नाही म्हणून लोक मोठा कूलर आणतात. आधी समोरची खिडकी उघडा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि चिकचिकतं. मग गवत बघा. ओलं झालं की ते आपल्या वजनानं खाली बसतं आणि जाळीच्या वर चार बोटं रिकामी पट्टी उरते. पंखा तिथूनच सगळी कोरडी, तापलेली हवा ओढतो, कारण तिथे त्याला अडथळा नसतो. गवत भिजवून, पिंजून, वरच्या कडेला थोडं जास्त भरा आणि मधे तारेनं टाचा. दाबून ठासलं तरी हवा येत नाही. हनीकोम्ब पॅड (गवताऐवजी बसवायचे, मधाच्या पोळ्यासारखे) गोड्या पाण्यावर चांगले, दोन-तीन उन्हाळे निघतात. नुसत्या बोअरच्या पाण्यावर त्यांची भोकं क्षारानं बुजतात, तिथे दरवर्षी नवं गवतच परवडतं.

पंप बंद पडला की तो जळालाच असं नाही. खालची जाळी काढून आतली छोटी फिरकी बाहेर ओढा. बहुतेक वेळा तिच्यावर क्षार चढलेला किंवा गवताची काडी अडकलेली असते. लिंबूसत्वात अर्धा तास, आणि तीनशे रुपये वाचले. पंप कोरडा चालवू नका. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी पुसा. क्षारही साठत नाही आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही वाढत नाहीत.

आणि पत्र्याचा कूलर असेल तर या सगळ्याच्या आधी दीड ते अडीच हजारांचा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) बसवा, ३० मिलीअँपिअरचा. शॉक बसतो तेव्हा साधा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) पडत नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो आणि माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या हिशेबात किरकोळ असतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो आणि फरक पडला की क्षणात तोडतो. जुन्या वायरिंगमध्ये तो सारखा पडतो. कारण कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेलं असतं, नाहीतर इन्व्हर्टरचा न्यूट्रल मधेच घुसलेला असतो. काही वायरमन तेव्हा आरसीसीबीच वगळून सरळ जोडणी करून देतात. तसं करू देऊ नका, दोष शोधायला लावा. महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबा, पडला पाहिजे. पंपाच्या वायरीचा टेप लावलेला जोड पाण्यात बुडत नाही ना, तेही बघा.

स्वयंपाकघरात फार काही लागत नाही. भाकरीसाठी लोखंडी तवा, पुरेसा जाड आणि किंचित खोलगट. पातळ तवा तापला की वाकतो आणि भाकरी मधे करपून कडेला कच्ची राहते. नॉनस्टिक तव्यावर ज्वारीची भाकरी म्हणजे तव्याचा खून. भाकरीला लागणाऱ्या आचेवर त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे जाऊन खराब होतो. नवा तवा राखेनं घासून कारखान्याचं तेल काढा, तापवा, तेलाचं बोट फिरवून पुसा, पुन्हा तापवा. तीन-चार वेळा केलं की काळा थर चढतो. बिडाचा तवा उत्तम, पण तापलेला असताना गार पाणी पडलं की तडकतो.

माठही वसूल. बाहेरून पांढरा थर दिसायला लागला की छिद्रं बुजलीत आणि पाणी गार होणार नाही. नुसत्या पाण्यानं काथ्यानं घासा, साबण लावू नका, माती तो वास धरते. तिवईवर, वाऱ्यात ठेवा.

पैसे बुडवणारी एक वस्तू मात्र सांगायलाच हवी: भिंतीत खोचायचं ‘वीज बचत यंत्र’. आठवडी बाजारात आणि मोबाईलवर दोन्हीकडे खपतं. घरगुती बिल प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटचं येतं. हा डबा ते युनिट कमी करू शकत नाही. उघडून बघितलं तर बहुतेकांत एक छोटा कंडेन्सर आणि एक एलईडी असतो.

सुटे भाग घ्यायला लातूरच्या गंजगोलाईत जा, संभाजीनगरच्या गुलमंडीवर जा की तालुक्याच्या दुकानात, जुना भाग खिशात घालून न्या. ‘पाच लिटरच्या कुकरची रिंग द्या’ म्हटल्यावर हमखास चुकीची मिळते, कारण आतून बसणाऱ्या आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी, आणि कंपनीगणिक माप वेगळं. अडीचचा कंडेन्सर, वायसर, टेफलॉन हे जादा आणून ठेवायला हरकत नाही. कुकरची रिंग मात्र साठवू नका, रबर पाकिटातही कडक होतं.